तिघांचं मशीन

"घरात माणसं किती?" दुकानातल्या सेल्समनने विचारलं, आणि फॉर्म भरताना माणूस विचार न करता उत्तर देतो तसं त्याने सांगून टाकलं, "तीन." तो, बायको आणि मुलगी. सेल्समनने मान डोलावली, "मग सहा किलोचं भरपूर झालं साहेब," असं म्हणत तो पांढऱ्या वॉशिंग मशीनच्या रांगेतून पुढे निघाला. त्याच वेळी दोन पावलांवर प्लास्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसलेली आई उठली. "मी जरा तिकडचे पंखे बघते," ती म्हणाली. बाहेर थंडीने लोकांचे कान लाल झालेले, आणि ही पंखे बघायला निघाली! ती हळूहळू, एका फ्रिजला हात लावत, दुसऱ्याला हात लावत, दुकानाच्या पार टोकाला गेली आणि बंद पंख्यांकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो ते त्याच्या डोक्यात शिरलं.

ऐकलं असेल का तिने? आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. खुर्ची भिंतीला लागून होती, म्हणजे तिचं तोंड दाराकडे, म्हणजे आपल्या बाजूला आला तो... कुठला आला? तो लिफ्ट इन्स्पेक्टर होता. एखादी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की कोण कुठे उभा होता, कुठलं बटण कोणी दाबलं, आवाज आधी आला की झटका, हे सगळं लोकांच्या उलटसुलट बोलण्यातून जुळवून काढायचं, हेच त्याचं पंचवीस वर्षांचं काम. तेच तो आता इथे करत होता, एका खुर्चीसाठी आणि एका म्हातारीच्या कानासाठी. खुर्ची, भिंत, दार. उजवा. उजवाच कान होता आपल्याकडे. शिवाय तिथे गाणीबिणी चालू नव्हती, रविवारची सकाळ, दुकानात शुकशुकाट. तरी कदाचित तिचं लक्ष नसेल. कदाचित खरंच पंखे बघायचे असतील. माणूस स्वतःला किती थापा मारू शकतो याला काही मर्यादा आहे की नाही! सेल्समन मागे वळून म्हणत होता, "साहेब, हे समोरून उघडणारं, पाणी कमी लागतं, आवाज नाही," आणि बायको त्या गोल काचेच्या दारात डोकं घालून आत बघत होती. तिने डोकं बाहेर काढलं, आधी पंख्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि सेल्समनला म्हणाली, "घरी जाऊन विचार करतो आम्ही."

एरवी हे कोणी मनावरही घेतलं नसतं. चुकून निघतं तोंडातून. पण तीन आठवड्यांपूर्वी धाकट्या भावाचा फोन आला होता. धाकटा दुसऱ्या शहरात असतो, तळमजल्यावर, पुढे छोटीशी बाग. "दादा, आईला आता माझ्याकडे पाठव," तो म्हणाला होता. "अकरा वर्षं तू केलंस." केलंस! म्हणजे काय केलं? आई आली, राहिली, एवढंच. वडील गेले त्यानंतर महिन्याभरात ती एक बॅग घेऊन आली आणि राहिली. जेवायला बसली, टीव्ही बघत बसली, नातीचे केस विंचरत बसली. यात करण्यासारखं काय होतं? पण तो शब्द त्याला डसला, आणि डसल्यामुळे तो गप्प राहिला. मग त्याने आईला विचारलं, अगदी सरळ मनाने विचारलं, "धाकटा बोलावतोय, जायचंय का तुला?" ती म्हणाली, "तू म्हणशील तसं. मला काय, कुठेही चालेल." झालं. तिथेच गाडी अडकली. त्याला वाटे, आपण 'राहा' म्हटलं तर ती मन मोडायला नको म्हणून राहील, आणि तिकडची बाग, तिकडचा तळमजला, तिकडचं ऊन तिच्या हातचं जाईल. इथे काय आहे? चौथा मजला आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या. आणि 'जा' म्हणायला तर त्याची जीभच उचलत नव्हती. म्हणून तीन आठवडे तो मिठाची गुळणी धरून बसला होता. धाकट्याला म्हणाला, कळवतो. आईला म्हणाला, बघू. आणि आज, तीन आठवड्यांनी, एका परक्या माणसाने मशीनचं माप काढायला म्हणून विचारलं, तर उत्तर कसं टणकन बाहेर पडलं!

घरी परतताना आई गाडीत मागे बसली होती. "छान होती हो मशीनं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ते गोल काचेचं घ्या तुम्ही. चांगलं दिसेल." तुम्ही. त्याने आरशात पाहिलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, शांत, जरा झोपाळू. ती कधी रागावलेली दिसायचीच नाही. लोक त्याला म्हणायचे, तुझ्या आईचं काही म्हणजे काही मागणं नसतं रे, नशीबवान आहेस. बायकोसुद्धा एकदा बहिणीला फोनवर सांगत होती, "आमच्या आई घरात आहेत हे आवाजावरून कळायचंच नाही, इतक्या गुपचूप असतात." तेव्हा ते ऐकून त्याला अभिमान वाटला होता. आता गाडी चालवताना ते वाक्य आठवलं आणि त्याने आरशातून नजर काढून घेतली.

दुपारी मुलगी मैत्रिणीकडे गेली, आई तिच्या खोलीत पडली, आणि बायकोने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "तीन म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. तो म्हणाला, "मशीनपुरतं म्हणालो गं. आई कुठे टाकते तिचे कपडे मशीनमध्ये? हातानेच धुते ना ती? मग मशीनच्या हिशेबाने तीनच झालो की आपण." बोलता बोलताच हे कारण त्याला सापडलं होतं, आणि सापडल्यावर इतकं पटलं की त्याला हायसं वाटलं. "वा," बायको म्हणाली. "हे त्यांना सांगा जाऊन. आणि तुमच्या घरची तऱ्हा मला काही कळत नाही बाई. काही ठरवायचं म्हटलं की सगळे जण आधी महिनाभर तोंड शिवून बसणार. त्या तुमच्या तोंडाकडे बघतात, तुम्ही त्यांच्या." तो म्हणाला, "तूच सांग ना तिला, राहा म्हणून." "मी?" बायको म्हणाली, "मला त्या राहिलेल्या हव्यात. पण मी म्हटलं म्हणून राहिल्या, तर सुनेने ठेवून घेतल्या असं होईल. त्यांना ते नकोय. कळतंय का तुम्हाला काही?" त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो उठला आणि पाणी प्यायला.

पण ते कारण मात्र त्याने मनाशी घट्ट धरून ठेवलं. खरंच होतं ते. अकरा वर्षांत आईचा एक रुमालसुद्धा मशीनमध्ये गेला नव्हता. रोज सकाळी तो दाढी करत असताना पलीकडच्या न्हाणीघरातून तिच्या धुण्याचा आवाज यायचा. छोट्या स्टुलावर बसून निळ्या टबात दोन सुती गाऊन, एक स्वेटर, उशीचा अभ्रा, टॉवेल. आता आठ दिवस मशीन बंद होतं, ड्रम खडखड करत मध्येच थांबला तो पाणी पोटात घेऊनच. तिघांच्या कपड्यांचा डोंगर साठला होता, मुलगी रोज आदळआपट करत होती, बायको गाठोडी बांधून लॉन्ड्रीत देत होती. आणि आईचे कपडे रोजच्यासारखे दहा वाजता दोरीवर. मशीन बंद पडल्याची झळ न लागलेलं घरात एकच माणूस होतं. जुन्या माणसांना मशीनचं धुणं पटत नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे, जरा कौतुकानेच. फार वर्षांपूर्वी त्याने एकदा विचारलंही होतं, आणि ती म्हणाली होती, "माझे मेले दोन कपडे, त्यांना कशाला मशीन!" तो विषय तिथेच संपला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, गालाला साबण लावलेला असताना, त्याला वाटलं, एकदा तिच्या तोंडून ऐकून घ्यावं. म्हणजे आपलं म्हणणं पक्कं होईल. मग पुढचं बोलायला सोपं जाईल.

न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. "आई," तो म्हणाला, "तू तुझे कपडे मशीनमध्ये का नाही गं टाकत?"

"आता ते बंद आहे ना," ती म्हणाली.

"आताचं नाही विचारत. चालू होतं तेव्हा."

"ते तिघांचं आहे," आई म्हणाली. टब निळा आहे, असं सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाली आणि स्वेटरला साबण लावत राहिली.

"कोण म्हणालं?"

"तो बसवायला आला होता ना, मेकॅनिक. मी तेव्हा नुकतीच आले होते इकडे, उभीच होते तिथे दारात. तो म्हणाला, तिघांच्या घराला पुरेल, याच्यावर भरलंत तर मोटर जळेल. सूनबाई म्हणाली, हो हो, तिघंच आहोत आम्ही. आधीची सवय रे तिची, तिचं काही चुकलं नाही. आणि त्याच आठवड्यात तू मला लिफ्टमधून नेलंस. आठवतं? सहाजणांची लिफ्ट, आणि सातवा माणूस शिरला, हातात केवढं तरी सामान. तू त्याला पाटी दाखवलीस. म्हणालास, लिहिलंय तेवढीच माणसं, एकही जास्त नाही, एक जास्त झालं की सगळ्यांना धोका. उतरवलंसच त्याला. मला इतका अभिमान वाटला! सगळ्यांना फोन करून सांगितलं मी. मग म्हटलं, घरात तरी आपण पाटीच्या वर कशाला जा?"

त्याला तो माणूस आठवला नाही. असे किती उतरवले असतील. पण ते वाक्य त्याचंच होतं, शब्दन् शब्द त्याचा होता. आणि त्या पाटीत किती खोट असते ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक! कागदावरचा माणूस अडुसष्ट किलोचा धरतात. त्या हिशेबाने सहा माणसं म्हणजे चारशे आठ किलो, आणि दोर असतात त्याच्या दहापट वजन पेलणारे. सातवा माणूस काय, मनात आणलं तर आणखीही उभे राहतील आणि दोराला पत्ताही लागायचा नाही. पाटी असते ती लोक बेफाम होऊ नयेत म्हणून. हे तो कधी कोणाला सांगत नसे, तो धंद्याचा नियम होता. आईलाही नव्हतं सांगितलं. आणि ती बेचाळीस किलोची बाई अकरा वर्षं त्याच्या घरात पाटीच्या बाहेर उभी होती.

"अगं आई," तो म्हणाला, "मशीनचं तसं नसतं. दोनदा लावता येतं ते. आधी आमचे, मग तुझे. दिवसातून चारदा लाव, काही होत नाही."

"हो का," आई म्हणाली. जरा वेळ तिचे हात थांबले. "मला कोण सांगणार?" मग पुन्हा स्वेटर चोळायला लागली. "आणि काल तू सांगितलंस ते बरोबरच सांगितलंस हो. उगाच मोठं घेऊ नका माझ्यासाठी. धाकट्याकडे आहे मशीन."

ऐकलं होतं तिने. आता तरी बोलावं की नाही त्याने? तोंड उघडलंही होतं. पण गालावरचा साबण सुकून चरचरत होता, मुलगी बाहेरून "बाबा, मला उशीर होतोय, आटपा ना" म्हणून ओरडत होती, आणि तो "बरं" म्हणाला. बरं! असा स्वतःचा राग त्याला जन्मात आला नव्हता.

त्या दिवशी एका नव्या इमारतीत लिफ्टची वजन-चाचणी होती. कामगार वीस-वीस किलोचे लोखंडी ठोकळे एकेक करून लिफ्टमध्ये रचत होते आणि तो वही घेऊन दाराशी उभा होता. तीन माणसांएवढं वजन झालं, चार माणसांएवढं झालं. ठोकळे एकमेकांवर आपटले की सगळा जिना दणाणत होता. दोन ठोकळे आणि वर थोडंसं, एवढी आपली आई, त्याच्या मनात आलं. दोन ठोकळ्यांना जागा ती कितीशी लागते? तो आकडे लिहीत होता, ब्रेक बघत होता, वरच्या मजल्यावर जाऊन दोर तपासत होता, पण डोक्यात एकच चालू होतं. अकरा वर्षांत तीनशे पासष्ट गुणिले अकरा सकाळी आपण दाढी करत तो आवाज ऐकला, आणि आपल्याला तो चांगला वाटायचा. घर जागं झाल्यासारखा वाटायचा. थंडीच्या सकाळी त्या टबात पाणी गार असणार, हे एकदाही मनात आलं नाही. चाचणी संपली, लिफ्ट पास झाली. त्याने सही केली आणि ऑफिसला न जाता सरळ ते दुकान गाठलं.

सेल्समनने ओळखलं. त्याने नऊ किलोचं मशीन दाखवायला सांगितलं तेव्हा तो पोरगेला माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "साहेब, तिघांना हे फार मोठं होईल." "चार," तो म्हणाला. "चौघं आहोत." "पण काल तर तुम्ही तीन..." "चुकलो होतो काल," तो म्हणाला, आणि इतक्या सहज म्हणाला की त्यालाच नवल वाटलं. परक्या माणसासमोर 'चुकलो' म्हणायला काही म्हणजे काही लागत नाही! घरच्या माणसासमोर मात्र तोच शब्द चौथ्या मजल्यापर्यंत उचलून न्यायला अंगात जोर नसतो. त्याला वाटलं, मशीनच बोलेल. नऊ किलो म्हणजे नऊ किलो, त्याच्यावर ठसठशीत लिहिलेलं असतं, आई वाचेल, समजेल. सगळं आयुष्य त्याने पाट्यांवर काढलं होतं, आणि आताही तो पाटीच विकत घेत होता.

मशीन दोन दिवसांनी आलं. जुनं निघालं, नवं बसलं, बायकोने पुढे-मागे फिरून पाहिलं आणि त्याच्या दंडाला एक चिमटा काढला, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. मुलीने लगेच आपली जीन्सची रास आत कोंबली. तो आईला हाताला धरून घेऊन आला. "बघ, नऊ किलो. चौघांचं आहे. पाच माणसांचंही भागेल." आईने चष्मा लावून पाटी वाचली, दाराच्या काचेवरून हात फिरवला. "सुरेख आहे," ती म्हणाली. "बरं केलंस. पाहुणे आले तर त्यांचेही मावतील."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून पुन्हा तोच आवाज आला.

त्याने दाढीचा ब्रश खाली ठेवला. आज गालाला साबणही लावला नव्हता. तो न्हाणीघरात शिरला, दार लावून घेतलं, आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून बादली उपडी घालून तिच्यावर बसला. दोघांचे गुडघे टेकत होते एकमेकांना, एवढीच ती जागा. आईने वर पाहिलं. "अरे, पायजमा भिजेल तुझा," ती म्हणाली. तो म्हणाला, "भिजू दे." त्रेपन्न वर्षांचा माणूस, उपड्या बादलीवर बसलेला, समोर आई, आणि शब्द म्हणून एक सापडेना. तिनेही घाई केली नाही. टॉवेल पाण्यातून वरखाली करत राहिली, पण आवाज न करता.

"आई, तू जाऊ नकोस," तो म्हणाला. "तिकडे बाग आहे, ऊन आहे, सगळं आहे, मला माहीत आहे. तरी जाऊ नकोस. तुझ्यासाठी नाही म्हणत मी. मलाच तू इथे हवी आहेस. मी हे तीन आठवड्यांपूर्वी बोलायला हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं. आलीस तेव्हा कोणी तुला 'राहा' म्हणालंच नाही गं. आम्ही फक्त दार उघडलं."

आईने टॉवेल उचलला, पिळायला घेतला, अर्धा पिळला आणि हात तसेच ठेवले. त्याला वाटलं, उशीर झाला आपल्याला. ठरवलंय तिने. धाकट्याला तिने कळवलंही असेल, कोण जाणे. तिने टॉवेलचं एक टोक त्याच्यापुढे केलं. त्याने ते धरलं. तिने आपलं टोक सोडून दिलं, सगळा ओला टॉवेल त्याच्या मांडीवर पडला, आणि ती ओल्या हातांनी आपली मनगटं दाबत बसली.

"मनगटं दुखतात रे माझी," ती म्हणाली. "फार दुखतात."

असं काही तिच्या तोंडून त्याने या घरात कधी ऐकलं नव्हतं.

"आणि हे पाणी बर्फासारखं असतं. आणि तुझी लेक दार आपटते, माझ्या छातीत धस्स होतं दरवेळी, सांग तिला. आणि सूनबाई चहा पाणचट करते. गुणाची आहे पोरगी, पण चहा म्हणजे नुसतं गरम पाणी." तिचा आवाज चढत चालला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती थांबायला तयार नव्हती. "आणि तुम्ही टीव्हीवर माझं लागलं की बदलता, न विचारता बदलता. आणि धाकट्याला फोन तू करायचास, मी नाही करणार, मला त्याला नाही म्हणवत नाही. आणि ती उशी, अरे, ती उशी किती उंच आहे, मान आखडते रोज."

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आले त्या दिवसापासून," आई म्हणाली.